रव्याच्या डब्यामागची चार इंजेक्शनं

चि. मनू,

अनेक आशीर्वाद.

फोनवर बोलायला गेले तर तू विषय बदलशील आणि मी बदलू देईन, म्हणून लिहायला बसले आहे. एका बैठकीत एवढं लिहिणं माझ्याच्याने होत नाही. पेनाभोवती कापडाची पट्टी गुंडाळून ते जाड करून घेतलंय. अर्धं पान झालं की हात शेकते आणि पुन्हा बसते. अक्षर मध्येच बदललेलं दिसेल, त्याचं काही मनावर घेऊ नकोस.

गेल्या आठवड्यात तुझ्याकडे होते तेव्हा उपम्यासाठी रवा शोधत होते. तू गहू सोडल्यापासून तो डबा वरच्या फळीवर गेलाय. त्याच्यामागे मेडिकलच्या कागदी पिशवीत तुझ्या आमवातावरच्या मेथोट्रेक्सेटची चार इंजेक्शनं होती. चारही सीलबंद, आणि बिलावर ऑगस्टची तारीख. पिशवी होती तशी परत ठेवली, उपमा केला आणि गप्प राहिले. त्या दिवशी बोलले असते तर रागाने बोलले असते, आणि तुला माझा राग नको आहे हे मला कळतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे तू ओट्याशी उभी होतीस. गॅसचं बटण तळहाताच्या कडेने फिरवलंस. मग गरम पाण्याच्या नळाखाली दोन्ही हात धरलेस आणि डाव्या हाताने उजव्या हाताचं एकेक बोट उघडत राहिलीस. मी दारातून बघत होते. मूठ वळली की बोटांच्या मुळाशी चार उंचवटे दिसतात आणि त्यांच्यामध्ये खळगे. तुझ्या उजव्या मुठीतले दोन खळगे भरून आलेत, मनू. तिथे सूज आहे. तू म्हणतेस, 'आता बरंच बरं आहे गं.' दुखणं कमी असेलही. पण ते खळगे मला माझ्या हातावरून माहीत आहेत.

माझं २००६ सालचं तुला अर्धंमुर्धं आठवत असेल. मी ४४ वर्षांची होते. नववीच्या वर्गात फळ्यावर पेशीची आकृती काढताना खडू हातातून सुटला. उचलला, पुन्हा सुटला. पुढच्या महिनाभरात सकाळी उठल्यावर दोन-दोन तास हात लाकडासारखे असायचे. अँटी-सीसीपी ही रक्ताची तपासणी पॉझिटिव्ह आली, आमवाताचं, म्हणजे रुमॅटॉइड आर्थ्रायटिसचं, निदान झालं, मेथोट्रेक्सेटच्या गोळ्या सुरू झाल्या. शनिवारी गोळ्या आणि अख्खा रविवार मळमळ. चार महिन्यांनी मी त्या सोडल्या. मळमळ हे एक कारण. दुसरं असं की भेटेल तो सांगत होता, हे पोटाचं दुखणं आहे, खाणं सुधारा, आपोआप जाईल. मी विज्ञान शिकवणारी बाई, पण मलाही तेच ऐकायचं होतं. जन्मभर औषध घ्यावं लागेल हे कुणालाच ऐकावंसं वाटत नाही.

मग १४ महिने मी पथ्य केलं. दूध, दही, गहू, वांगं, टोमॅटो, बटाटा, हरभऱ्याची डाळ, आंबट, सगळं बंद. उष्ण पडतात म्हणून मासेसुद्धा. चिपळुणात राहून बांगड्याकडे पाठ फिरवली. आणि पहिले दोन-तीन महिने मला खरंच बरं वाटलं, हे तुझ्यापासून लपवणार नाही. वजन उतरलं, अंग हलकं झालं, सकाळचा ताठरपणा कमी झाला. तू आत्ता जिथे आहेस तिथेच मी होते. पण या रोगाला स्वतःची भरती-ओहोटी असते. ओहोटी लागली की त्या दिवसांत आपण जे काही करत असतो त्याला श्रेय देऊन मोकळे होतो. भरती आली की म्हणतो, परवा लग्नात जिलबी खाल्ली ना, त्याचंच हे.

मधल्या काळात एकाने दिलेली पुडीही घेतली. तिच्याने आठ दिवसांत ठणठणीत वाटलं, आणि दोन महिन्यांत चेहरा सुजून गोल झाला. तीत स्टिरॉइड असणार असं पुढे डॉक्टरांनी सांगितलं. पुडीवर आत काय आहे ते लिहिलेलं नसेल तर ती कुणीही दिली तरी घेऊ नकोस.

२००८ मध्ये नवीन डॉक्टरांकडे गेले तेव्हा त्यांनी माझे जुने आणि नवे एक्स-रे शेजारी शेजारी लावले. जुन्यात मनगटातल्या छोट्या हाडांमध्ये बारीक फटी दिसत होत्या. नव्यात त्या जवळजवळ नाहीशा झालेल्या, आणि बोटांच्या मुळाशी हाडांच्या कडा उंदराने कुरतडल्यासारख्या. सांध्याचं आतलं अस्तर सुजून जाड होतं आणि ते कूर्चा आणि हाड खात जातं, हे त्यांनी कागदावर आकृती काढून समजावलं. ज्या महिन्यांत मला बरं वाटत होतं त्या महिन्यांतही आत हे चाललेलं होतं. खाल्लेलं हाड परत येत नाही. माझी बोटं करंगळीकडे कलली ती तेव्हापासून. तू दहावीत होतीस. शाळेत निघताना माझ्या साडीची पिन तू लावायचीस, आणि लावताना माझ्याकडे बघायची नाहीस.

म्हणून तुझ्या त्या चार इंजेक्शनांनी मला झोप नाही. तुला निदान होऊन आठ महिनेच झालेत. सुरुवातीच्या याच काळात रोग आवरला तर हाडं वाचतात. मला तेव्हा हे नीट कळलं नव्हतं.

आहाराबद्दल तू मला जे लेख पाठवलेस ते मी सगळे वाचले. त्यात सगळंच खोटं आहे असं नाही. १९९१ मध्ये नॉर्वेतल्या डॉक्टरांनी आमवाताच्या रुग्णांना आधी काही दिवस उपवास आणि मग वर्षभर शाकाहार देऊन पाहिला, आणि त्यांचं दुखणं नेहमीचं जेवण जेवणाऱ्यांपेक्षा कमी झालं. आपल्याकडे माधवनिदान या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात आमवाताचं वर्णन आहे, आणि त्याच्यावर वैद्य आधी लंघनच, म्हणजे उपवासच, सांगतात. पोट रिकामं असलं की सूज उतरते हे जुन्या लोकांनी पाहिलेलं आहे. पण उपवास सोडला की सूज परत येते, आणि जन्मभर उपाशी कोण राहील? माशाच्या तेलाने दुखणं आणि सकाळचा ताठरपणा थोडा कमी होतो, असं अनेक चाचण्यांत दिसलंय. म्हणजे त्या १४ महिन्यांत मी नेमके बांगडे आणि तारल्या सोडल्या. त्याची हळहळ मला अजून वाटते. वांगं-टोमॅटोने आमवात वाढतो याला पुरावा नाही. डाळी बंद करायला सांगणारे बहुतेक वेळा आमवात आणि युरिक अ‍ॅसिडचा गाऊट यांची गल्लत करतात. अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने २०२२ मध्ये आहाराविषयी सूचना काढल्या. भाज्या, फळं, कडधान्यं, मासे, ऑलिव्ह तेल असा भूमध्य समुद्राकडचा आहार ठेवा म्हणाले, तोसुद्धा औषधांच्या जोडीला.

तू म्हणालीस, 'आई, ते कॅन्सरचं औषध आहे, विष आहे.' नेटवर तसंच लिहिलेलं असतं. त्या औषधाची गोष्ट ऐक. १९२८ साली लूसी विल्स नावाची इंग्रज डॉक्टर मुंबईत आली. गिरणीत काम करणाऱ्या गरोदर बायकांना होणाऱ्या रक्तक्षयाचं कारण ती शोधत होती. त्यांना यीस्टचा अर्क दिला की रक्त भरून येतं, हे तिने दाखवलं. त्या अर्कातला घटक म्हणजे पुढे ज्याला फॉलिक अ‍ॅसिड नाव मिळालं ते, पालेभाजीत असतं तेच. आंध्रातल्या भीमावरमचे यल्लाप्रगडा सुब्बाराव अमेरिकेत लेडर्ले प्रयोगशाळेत होते. तिथे त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फॉलिक अ‍ॅसिड तयार केलं, आणि मग त्याच्यासारखीच दिसणारी पण त्याचं काम अडवणारी द्रव्यं केली. मेथोट्रेक्सेट त्यांच्यातलंच. ते आधी कर्करोगावर वापरलं हे खरं, पण तिथली मात्रा कितीतरी मोठी. आमवातासाठी अमेरिकेत १९८८ मध्ये मान्यता मिळाली ती आठवड्यातून एकदाच्या छोट्या डोसाला. तुझ्या इंजेक्शनाबरोबर फॉलिक अ‍ॅसिडची गोळी लिहिलेली आहे ती मळमळ आणि तोंडातले छाले कमी व्हावेत म्हणून. गिरणीतल्या त्या बायका आणि तुझी ही पिशवी यांच्यामध्ये असा सरळ धागा आहे. मी अजून शिकवत असते तर हा एक पूर्ण तास घेतला असता.

एक गोष्ट मात्र कॅलेंडरवर मोठ्या अक्षरात लिही: हे औषध आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या वारी. चुकून रोज घेतल्याने माणसं दगावली आहेत. आणि चार महिने मध्ये गेलेत, तेव्हा आपल्या मनाने सुरू करू नकोस. आधी रक्त तपासून घे, लिव्हर आणि पांढऱ्या पेशी बघू देत.

आता जे तू बोलली नाहीस ते. तुम्हाला मूल हवं आहे. पाळण्याची चित्रं बघताना मी तुला पाहिलंय. मेथोट्रेक्सेट गर्भाला घातक आहे, ते घेत असताना दिवस राहता कामा नयेत, हे तू वाचलंस आणि पिशवी रव्यामागे गेली. बरोबर ना? भीती खरी आहे गं. पण ती डॉक्टरांना सांगायची. विचार वर्षा-दोन वर्षांनंतरचा असेल तर आत्ता औषध घेता येतं, आणि त्याआधी काही महिने, ते सांगतील तितके, बंद करता येतं. विचार आत्ताच असेल तर मेथोट्रेक्सेट अजिबात नको. पण हायड्रॉक्सिक्लोरोक्विन आणि सल्फासॅलाझिन गरोदरपणातही देतात. बाळाला सांभाळून औषध ठरवता येतं. काहीच न घेता वर्ष काढलंस तर बाळाला उचलायचे हातच जातील, ही माझी भीती आहे.

सुईचं म्हणशील तर मीही घाबरायचे. गोळ्या सोसेनात म्हणून २००८ नंतर मी मेथोट्रेक्सेट इंजेक्शनानेच घेतलं. २०१५ मध्ये त्याच्या जोडीला अ‍ॅडॅलिम्युमॅब हे आमवाताचं दुसरं इंजेक्शन आलं. त्याची स्वस्त प्रत जगात सगळ्यात आधी आपल्या देशात, २०१४ च्या डिसेंबरात निघाली, म्हणून आपल्याला परवडलं. त्याआधी टीबीची तपासणी, छातीचा फोटो. टीबीचे जंतू लपून बसलेले निघाले, तेव्हा आधी आयसोनियाझिड सुरू केलं आणि महिनाभराने हे. पहिलं इंजेक्शन मी आपल्या मधल्या खोलीत, पलंगाच्या कडेवर बसून घेतलं. फ्रिजमधून अर्धा तास आधी बाहेर काढलेलं. गार असलं की जास्त झोंबतं. बेंबीपासून चार बोटं दूर कापसाने पुसलं, वाळू दिलं, चिमटीत कातडी धरली. बाबा शेजारी घड्याळ धरून उभे, कशासाठी ते त्यांनाच माहीत. सुई आत गेली तेव्हा मुंगी चावल्याएवढंच वाटलं. मग मी रडले, पण ते सुईमुळे नव्हे. तिसऱ्या महिन्यात एका सकाळी ब्लाउजची बटणं माझी मी लावली.

२२ जुलै २०२१ ला पूर आला तेव्हाचं तुला फोनवर थोडंच सांगितलं होतं. आम्ही वरच्या मजल्यावर होतो आणि खाली आपला फ्रिज आडवा होऊन तरंगत होता, माझी दोन इंजेक्शनं त्याच्यात. बाजारातली मेडिकलं चिखलात गेलेली. पाच आठवडे औषध मिळालं नाही. चौथ्या आठवड्यात चिखल ओढायचं खोरं हातात धरता येईना, आणि रात्री पांघरूण ओढून घ्यायला मी बाबांना उठवत होते. औषध पुन्हा सुरू झाल्यावर दीड-दोन महिन्यांनी हात पूर्ववत झाले, म्हणजे माझे जेवढे होतात तेवढे. ते पाच आठवडे मला तुझ्यासाठी नको आहेत.

हे माझ्यामुळे तुला आलं का, असं मनात येतं. पुणे जिल्ह्यातल्या भिगवणला १९९६ मध्ये घरोघर फिरून पाहणी झाली होती, तेव्हा साधारण दोनशे माणसांत एकाला आमवात निघाला. आईला असला की मुलीला शक्यता वाढते, पण बहुतेक मुलींना होत नाही. तुला झाला. याच्यापुढे मला काही लिहिता येत नाही.

तुझं पथ्य मोडायला मी सांगत नाही. साखर आणि तळलेलं कमी केलंस ते चांगलंच, वजन आटोक्यात राहिलं की गुडघे सुटतात. दूध मात्र परत सुरू कर, हाडांना लागतं. जवसाची चटणी करून आणते.

शुक्रवारी सकाळच्या गाडीने कुंभार्ली घाटातून येते. संध्याकाळची डॉक्टरांची वेळ घेऊन ठेव, दोघी जाऊ, आणि बाळाचा विषय तू काढला नाहीस तर मी काढीन. शनिवारी माझा इंजेक्शनचा वार आहे. बर्फाच्या डब्यात घालून आणते आहे. फ्रिजमध्ये मधल्या कप्प्यात, दारात नव्हे, थोडी जागा करून ठेव.

तुझी,
आई