बाबांच्या कमरेचा एमआरआय: ओपन मशीन घ्यायचं का?

ती. आई-बाबा,

सा. न. वि. वि.

बाबा, मशीनमध्ये जीव घाबरा झाला आणि तुम्ही अर्ध्यातून बाहेर आलात, यात संकोच वाटून घेऊ नका. असे पेशंट आमच्याकडे नेहमीच येतात. पण म्हणून लगेच ओपन एमआरआयची अपॉइंटमेंट घेऊ नका, आधी हे वाचा.

ओपन मशीनमध्ये चुंबकाच्या दोन मोठ्या तबकड्या असतात, एक खाली आणि एक वर. मध्ये तुम्ही आडवे. बाजू उघड्या, त्यामुळे आई शेजारी हात धरून बसू शकते. वरची तबकडी मात्र जवळ असते. दोन तबकड्यांमधलं अंतर बहुतेक मशीनमध्ये ४० सेंटीमीटरच्या आसपास. नेहमीचं मशीन बोगद्यासारखं, त्याचा व्यास ६० सेंटीमीटर आणि वाइड बोअरचा, म्हणजे रुंद बोगद्याच्या मशीनचा, ७०. म्हणून नीट आठवून सांगा: भिंती खांद्यांना लागल्या म्हणून घाबरलात, की छत तोंडावर आलं म्हणून? खांद्यांमुळे असेल तर ओपनचा उपयोग होईल. छतामुळे असेल तर वाइड बोअरच बरं.

दुसरा प्रश्न चुंबकाच्या ताकदीचा, ती टेस्लामध्ये मोजतात. बरीच ओपन मशीन ०.२ ते ०.४ टेस्लाची असतात, नेहमीची १.५ किंवा ३ ची. चुंबक कमी ताकदीचा असला की शरीरातून येणारा सिग्नलच क्षीण येतो. तो भरून काढायचा तर तेच स्कॅन पुन्हा पुन्हा घेऊन सरासरी काढतात, आणि चित्र दुप्पट स्वच्छ हवं असेल तर वेळ चौपट लागतो. इतका वेळ कुणालाच देता येत नाही, मग स्लाइस, म्हणजे चित्रासाठी घेतलेले शरीराचे काप, जाड घेतात. कमरेचं जे स्कॅन १.५ वर साधारण २० मिनिटांत होतं, त्याला तिथे पाऊण तासही लागू शकतो. कंबर दुखत असताना तेवढा वेळ न हलता पडून राहणं कठीण, आणि हललात की चित्र पुसट. मणक्यांमधली गादी मोठी सरकली असेल तर ती ओपनमध्येही दिसेल. पण तुमच्या डाव्या पायाला मुंग्या येतात. नस मणक्यातून बाहेर पडते त्या अरुंद जागेत गादीचा बारीक तुकडा तिला दाबत असेल, तर तो जाड स्लाइसमध्ये निसटू शकतो. मला काळजी आहे ती याचीच. ऑपरेशन करायचं की नाही हे या चित्रावर ठरणार आहे.

१ आणि १.२ टेस्लाचीही ओपन मशीन आहेत, पण थोडी. म्हणून फोनवर ‘ओपन आहे का’ एवढंच विचारू नका, ‘किती टेस्ला’ हेही विचारा.

माझं मत: आधी १.५ टेस्लाचं वाइड बोअर बघा आणि ‘पाय आधी आत घ्या’ असं टेक्निशियनला सांगा. कमरेच्या स्कॅनमध्ये असं घेतलं की डोकं बोगद्याच्या तोंडाशी राहतं. टेबल हलायच्या आधीच डोळ्यांवर घडी केलेला रुमाल ठेवा. आत जाऊन डोळे मिटले तर छत आधीच दिसून गेलेलं असतं. हातात रबरी फुगा देतील, तो दाबला की ते लगेच बोलतात. सुरुवातीलाच एकदा दाबून बघा. हात एकमेकांवर ठेवू नका, कातडीला कातडी टेकली तर तिथे चटका बसू शकतो.

एवढं करूनही जमलं नाही तर डॉक्टरांना विचारून झोपेची सौम्य गोळी. तुम्ही घोरता आणि झोपेत श्वास अडतो, हे त्यांना आधी सांगायचंच. त्या दिवशी स्कूटर चालवायची नाही. गोळीनेही नाही झालं, तर मग ओपन.

आई, बाबांच्या स्टेंटचं कार्ड तू सोबत घे. स्टेंटमुळे सहसा अडत नाही, पण तो किती टेस्लापर्यंत तपासलेला आहे हे त्यावर लिहिलेलं असतं. मशीन ओपन असलं तरी चुंबक चालूच असतो. तेव्हा कानाचं यंत्र, कवळी, घड्याळ, करगोटा बाहेरच राहू दे. अंगावर औषधाची पट्टी चिकटवलेली असेल तर तीही दाखव. काही पट्ट्यांत धातूचा पातळ थर असतो आणि तो तापतो. हात धरायला तू आत जाणार असशील तर मंगळसूत्र, बांगड्या आणि केसांतल्या पिनाही काढ.

रिपोर्टबरोबर सीडी मागून घ्या. फिल्मवर सगळे स्लाइस येत नाहीत, आणि सर्जन ते कॉम्प्युटरवरच उघडून बघतील.

तुमची,
मनू