होळी नव्हे, सांत झुआन

माननीय संपादक,

आपल्या कालच्या पुरवणीतील ‘स्पेनची होळी’ या लेखामुळे माझी झोप उडाली असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. पण सकाळचा चहा बाजूला ठेवून हे पत्र लिहायला बसले, एवढे मात्र खरे. २३ जूनच्या, म्हणजे सांत झुआन (योहान) या संताच्या सणाच्या रात्री स्पेनमधील कातालोनिया प्रांतात जाळ पेटतात म्हणून ती होळी, असा न्याय लावायचा तर आमच्या न्हाणीघराच्या चुलीलाही रोज नैवेद्य दाखवावा लागेल.

त्यावर कहर लेखासोबतच्या छायाचित्राचा. कागदी लगद्याचे ते अवाढव्य पुतळे स्पेनमधल्याच व्हालेन्सिया शहराचे असून ते १९ मार्चला, संत जोसेफच्या दिवशी जाळतात. पिरेनीज पर्वतातील इसिल या कातालान गावची माणसे सांत झुआनच्या रात्री पेटते ओंडके खांद्यावर घेऊन डोंगर उतरतात, तो प्रकार वेगळा. अशा उत्सवांना २०१५ साली युनेस्कोच्या यादीत स्थान मिळाले. दोन्हींचे नाव ‘फाल्येस’ आहे, म्हणून कोणतेही चित्र चालते काय?

पिरेनीजमधल्याच, पण फ्रान्सच्या हद्दीतील कानिगो शिखराचा तर लेखात उल्लेखही नाही. २७८४ मीटर उंचीवरच्या त्या माथ्यावर २२ जूनच्या रात्री जाळ पेटवून तिथली ज्योत गावोगावी नेतात. फ्रान्सच्या बाजूला १९५५ साली सुरू झालेली ही प्रथा १९६६ मध्ये, स्पेनमध्ये फ्रँकोची हुकूमशाही असताना, सीमा ओलांडून कातालोनियात आली. मुलीकडे बार्सिलोनाला राहत असताना ती ज्योत सांत जाउमे चौकात येताना मी पाहिली आहे. त्याच संध्याकाळी आमच्या इमारतीतील एक आजी पाय मोडलेली लाकडी खुर्ची जाळात टाकण्यासाठी एकेक पायरी टेकवत खाली उतरवत होत्या. मी हात लावायला गेले, तर त्यांनी मान हलवून मला बाजूला केले. ती त्यांच्या यजमानांची खुर्ची होती, हे मुलीने मला नंतर सांगितले. रात्री त्यांनीच साखरेत मुरवलेली फळे आणि चिलगोजे लावलेल्या ‘कोका’चा तुकडा माझ्या हातावर ठेवला. लेखक त्याला ‘केक’ म्हणतात. तो लांबट, गोडसर पाव असतो.

तुलनाच हवी होती तर ती घरातच होती. २४ जून हा योहान बाप्तिस्ताचा दिवस, आणि त्याच संताच्या नावाने आपल्याकडे सांजांव या सणाला डोक्यावर फुलापानांचे मुकुट, म्हणजे कोपेलां, घालून लोक विहिरीत उड्या मारतात. तिकडेही कित्येक जण मध्यरात्री समुद्रात उतरतात. गोव्यात निघणाऱ्या वृत्तपत्राला हे सुचू नये?

जाता जाता आणखी एक. एकाच संताचे नाव शीर्षकाखाली ‘सेंट जॉन’, मजकुरात ‘सान हुआन’ आणि चौकटीत ‘सांत जोआन’ छापले आहे. गेल्या वर्षी आपण कोपेलाला ‘टोपी’ म्हटले होते, तेव्हा पाठवलेले माझे पत्र अद्याप छापून आलेले नाही. याही पत्राला जागा नसेल, तर निदान व्हालेन्सियाचे ते छायाचित्र मार्चसाठी जपून ठेवावे, ही विनंती.

आपली नम्र,
एक जुनी वाचक, मडगाव