टर्बोचा नंबर बिलावर लिहा

मा. संपादक,

स. न. वि. वि.

गेल्या चतुर्थीच्या तोंडावर माझ्या भाच्याने त्याच्या टोयोटा सुप्रा या स्पोर्ट्स कारसाठी एक वापरलेला टर्बोचार्जर (इंजिनाच्या धुराच्या जोरावर पंखे फिरवून इंजिनात जास्त हवा कोंबणारे यंत्र, थोडक्यात टर्बो) ३८,००० रुपयांना विकत घेतला. गाडी १९८९ सालची, माझ्या मेहुण्यांनी आखातातून कायमचे परतताना आणलेली. टर्बोवर ‘सीटी२६’ असे होते आणि सुप्राच्या ७एम-जीटीई इंजिनालाही सीटी२६च लागतो, एवढ्यावर विकणारा आणि घेणारा या दोघांचेही समाधान झाले. बसवायला घेतल्यावर मात्र तो लँड क्रूझरच्या डिझेल इंजिनाचा निघाला. विकणाऱ्याने फसवले असे मी म्हणणार नाही, कारण आपण काय विकतो आहोत हे त्यालाही ठाऊक नव्हते. माझी तक्रार नेमकी हीच आहे. ज्या वस्तूची ओळखच पटलेली नाही तिचा भाव ठरतो, पैसे मोजले जातात आणि बिलावर ‘जुना टर्बो, १ नग’ एवढेच लिहिले जाते.

मी तीस वर्षांहून अधिक काळ गोव्यातल्या मांडवी आणि झुआरी या नद्यांतल्या खनिजवाहू बार्जेसची इंजिने दुरुस्त केली, त्यामुळे टर्बो मला नवा नाही. २०१२ साली खाणी बंद पडल्या आणि बार्जेस धक्क्याला लागल्या, तेव्हा चांगले दुरुस्त होण्यासारखे टर्बोही किलोच्या भावाने भंगारअड्ड्यावर गेलेले मी पाहिले आहेत. तिथे बिडाचे वजन करतात, टर्बोवर ठोकलेल्या पट्टीवरचा नंबर कोण वाचतो? बार्जच्या इंजिनाला ते एक वेळ चालून गेले, कारण आम्ही तो टर्बो कुठल्या बार्जवरून उतरला ते ओळखून असायचो. जुन्या स्पोर्ट्स कारच्या बाबतीत ही सवय फार महागात पडते.

सीटी२६ हे एका टर्बोचे नाव नाही, ते कुळाचे नाव आहे. सुप्रा, सेलिका जीटी-फोर, एमआर२ आणि ४.२ लिटर डिझेलची लँड क्रूझर या सगळ्यांना टोयोटाने याच नावाचे टर्बो बसवले, पण कवचे आणि फ्लँज (बोल्टने जोडायच्या कडा) एकमेकांना लागू पडत नाहीत. नेमकी ओळख कवचावर रिव्हेटने ठोकलेल्या बोटभर पट्टीवर असते. टोयोटाच्या क्रमांकातील १७२०१ या आकड्यांचा अर्थ टर्बोचार्जर एवढाच आहे. तो कुठल्या इंजिनाचा, हे पुढच्या आकड्यांवरून कळते. सुप्राच्या टर्बोवर १७२०१-४२०२० असते, सेलिका आणि एमआर२च्या टर्बोवर पुढचे आकडे ७४ ने सुरू होतात, तर लँड क्रूझरच्या १एचडी-टी इंजिनाच्या टर्बोवर १७ ने. भाच्याने आणलेल्या टर्बोची पट्टी काजळीने माखलेली होती. रॉकेलमध्ये बुडवलेल्या जुन्या टूथब्रशने मी ती घासली आणि दोन मिनिटांत पुढचे आकडे १७ ने सुरू होताना दिसले. तो ब्रश दुकानात फिरला असता तर आमची चतुर्थी सुखाची गेली असती.

पट्टी निघून गेलेली असेल तर इंजिनाचा धूर टर्बोत शिरतो त्या तोंडात पाहावे. १९८९ नंतरच्या एमआर२च्या टर्बोत मध्ये भिंत घालून दोन वाटा केलेल्या असतात, सुप्राच्या टर्बोत एकच वाट असते. जर्मन गाड्यांतही असाच घोळ होतो. पोर्शे ९४४ टर्बोला केकेके कंपनीचा के२६ असे, पण साध्या गाडीचे धुराकडचे कवच ६ क्रमांकाचे आणि १९८८च्या २५० अश्वशक्तीच्या टर्बो एसचे ८ क्रमांकाचे, आणि शोधणाऱ्याला हा आठच हवा असतो.

डिझेलचा टर्बो जुगाड करून पेट्रोल इंजिनावर चढवू, असे सांगणारे मेस्त्रीही भेटतात. पेट्रोल इंजिनाचा धूर जोरात चालवताना ९०० अंश सेल्सिअसच्या वर जातो, डिझेलचा सहसा त्याहून बराच थंड असतो. डिझेलच्या बेताने बनवलेले कवच आणि पंखा त्या उष्णतेत टिकतीलच याची हमी कोणी देऊ नये.

ओळख पटली की मग प्रकृती. दोन्ही पंखे ज्यावर बसतात तो शाफ्ट बोटांत धरून वर-खाली हलवला की किंचित हलतो आणि गिऱ्हाईक घाबरते. त्यात घाबरण्यासारखे काही नाही. मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेणारा तो शाफ्ट तेलाच्या पापुद्र्यावर तरंगतो, आणि सुट्या टर्बोत ते तेल नसते. पंखा मात्र कवचाला टेकता कामा नये. शाफ्ट पुढे-मागे ढकलल्यावर हाताला प्ले (ढिलेपणा) जाणवला, तर शाफ्टला पुढे-मागे सरकू न देणारे थ्रस्ट बेअरिंग गेले असे समजावे. हवेकडच्या ॲल्युमिनियमच्या पंख्याची पाती टोकाला खरवडलेली असतील, तर आत काहीतरी गेलेले आहे आणि तो पंखा बाद धरावा. धुराकडे वेस्टगेटच्या (जादा धूर पंख्याला वळसा घालून बाहेर सोडणाऱ्या झडपेच्या) भोकाजवळ केसासारखी चीर बहुतेक जुन्या टर्बोंत सापडते, पण ती कवचाच्या बाहेरपर्यंत आली असेल तर सौदा सोडून द्यावा. आपल्या हवेची म्हणून आणखी एक तपासणी मी करतो. दोन पावसाळे उघडा पडलेला टर्बो असेल तर वेस्टगेटची झडप गंजून बसलेली असते, आणि तेलाच्या भोकात कुंभारीण माशीने मातीचे घर केलेले असते. ती माती आत राहिली आणि इंजिन सुरू केले, तर शाफ्टला तेल मिळतच नाही आणि नवे बेअरिंगही बघता बघता जळते.

किमतीचा माझा हिशेब साधा आहे. त्याच नंबरचा, दुरुस्त आणि बॅलन्स केलेला टर्बो आज जितक्याला मिळेल, त्यातून बेअरिंग-सीलचे किट, बॅलन्सिंग आणि ने-आण यांचा खर्च वजा करावा (आम्ही बॅलन्सिंगला कोल्हापूरला पाठवत असू), आणि न उघडता घेतो आहोत म्हणून आणखी थोडे कापावे. पंखे बाद असतील तर फक्त कवचाचे पैसे द्यावेत. बाहेरून पॉलिश करून चकचकीत केलेल्या टर्बोला मी एक पैसाही जास्त देत नाही, उलट काय झाकले आहे ते आधी बघतो.

भाच्याच्या टर्बोचे पुढे काय झाले, तेही सांगतो. नंबर कळल्यावर डिचोलीच्या एका लँड क्रूझरवाल्याने स्वतः येऊन शाफ्ट तपासला आणि तोच टर्बो ४६,००० रुपयांना नेला. सुप्राचा अजून मिळालेला नाही.

सुटे भाग विकणाऱ्यांना माझी विनंती आहे की पट्टी साफ करून तिच्यावरचा पूर्ण नंबर बिलावर लिहावा, आणि पट्टी नसेल तर तसेही लिहावे. आपल्या दैनिकाच्या छोट्या जाहिरातींतही जुन्या टर्बोची जाहिरात घेताना नंबराची एक ओळ मागून घेता आली, तर माझ्या भाच्यासारख्यांची एखादी फेरी तरी वाचेल.

कळावे,

आपला नम्र,
एक निवृत्त बार्ज मेकॅनिक, फोंडा