इथली माणसं मत कशावर देतात

बर्मिंगहॅम
12 ऑक्टोबर 2025

तीर्थरूप आबा आणि आईस,
वैशूचा साष्टांग नमस्कार.

मागच्या रविवारी फोनवर आबांनी विचारलं होतं, "तिकडं काय रस्ते-गटारी करायच्या राहिल्यात काय? मग माणसं मत कशावर देतात?" तेवढ्यात आईने फोन घेतला आणि भाजणीचा विषय निघाला. उत्तर राहूनच गेलं. आज सुट्टी आहे, बाहेर पावसाची चिकचिक आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

आबा, राहिल्यात. भरपूर राहिल्यात. पुढच्या मे महिन्यात इथल्या कौन्सिलची, म्हणजे आपल्या भाषेत महापालिकेची, निवडणूक आहे. 69 वॉर्ड, 101 नगरसेवक, अकरा लाखांच्या वर वस्ती. आणि आत्ता कुणाच्याही दारात उभं राहून विचारलं की तुमचा प्रश्न कोणता, तर पहिला शब्द निघतो कचरा.

कचरा उचलणाऱ्या कामगारांचा संप जानेवारीत सुरू झाला, 11 मार्चपासून तो बेमुदत झाला आणि अजून मिटलेला नाही. मार्चअखेर रस्त्यांवर 17,000 टन कचरा साठला, तेव्हा कौन्सिलला आणीबाणीसारखी परिस्थिती जाहीर करावी लागली. उंदरांवर पेपरवाल्यांनी महिनाभर विनोद केले. भांडण असं आहे की कचऱ्याच्या गाडीवरचं एक पदच कौन्सिलने रद्द केलं. युनियन म्हणते, त्यामुळे काही जणांचा पगार वर्षाला 8,000 पौंडांपर्यंत कमी होतो. कौन्सिलला हा आकडा मान्य नाही. आबांनी उभा जन्म के.एम.टी.त, म्हणजे कोल्हापूर महापालिकेच्या बससेवेत काढला, त्यामुळे ते कुणाच्या बाजूने बोलणार हे मला इथून दिसतंय. पण थांबा, गोष्ट तेवढी सरळ नाही.

या कौन्सिलने वर्षानुवर्षं कचरा उचलणाऱ्या, रस्ते झाडणाऱ्या पुरुषांना बोनस दिले आणि त्याच दर्जाचं काम करणाऱ्या शाळेतल्या स्वयंपाकिणी, सफाईवाल्या, वृद्धांची सेवा करणाऱ्या बायका यांना दिले नाहीत. बायका कोर्टात गेल्या. 2012 साली सुप्रीम कोर्टात त्यांच्या बाजूने निकाल लागला आणि मग दाव्यांची रांगच लागली. त्यात हिशेबाची नवी संगणक प्रणाली घेतली, तिचा खर्च कुठल्या कुठे गेला. शेवटी 5 सप्टेंबर 2023 ला कौन्सिलने 114 कलमाची नोटीस काढली, म्हणजे 'आमच्याकडे पैसे नाहीत' असं रीतसर लिहून दिलं. आता गाडीवरचं ते पद ठेवलं तर समान पगाराचे दावे पुन्हा उभे राहतील, असं कौन्सिलचं म्हणणं. एका गरिबाला न्याय दिला तर दुसऱ्या गरिबाच्या ताटातलं काढायचं, असा हा पेच आहे. वरच्या साहेबांचं ताट मात्र यात कुठेच येत नाही, हे माझं मत.

दुसरा विषय कौन्सिल टॅक्स. आपल्याकडचा घरफाळा मालक भरतो. इथे जो राहतो तो भरतो, त्यामुळे माझ्यासारख्या भाडेकरूंनाही त्याची झळ लागते. गेल्या वर्षी तो एकदम 10 टक्क्यांनी वाढला, या वर्षी परत साडेसात टक्क्यांनी. घरं कुठल्या गटात मोडतात हे ठरतं 1 एप्रिल 1991 च्या किमतीवरून! तेव्हापासून इंग्लंडमध्ये फेरमोजणी करायची कुणाची छाती झालेली नाही, कारण ज्याचा टॅक्स वाढेल तो मत देणार नाही. हे वाचून आबा हसतील. त्याच वेळी शहरातले दिवे मंद करून पैसे वाचवायचं ठरलं, कलासंस्थांचं अनुदान बंद करायचं ठरलं. जास्त भरा आणि कमी घ्या, हे कुठल्या मतदाराला पटेल?

पण मला खरं लिहायचंय ते आमच्या शेजारच्या आजींबद्दल. ऐंशीच्या पुढच्या आहेत. नवरा अंथरुणाला खिळलेला. सकाळी साडेसातला निळ्या गणवेशातली एक मुलगी येते, त्यांना उठवते, अंग पुसते, कपडे बदलते, गोळ्या देते आणि दाराजवळच्या वहीत वेळ घालून सही करते. मग दुपारी, संध्याकाळी, रात्री झोपवायला. दिवसातून चार फेऱ्या. मुलगी बहुतेक वेळा केरळची नाही तर झिम्बाब्वेची असते. 23,250 पौंडांच्या वर शिल्लक असेल तर हा खर्च स्वतः करावा लागतो. आजींकडे तेवढी पुंजी नाही आणि सेवा घरीच मिळत असेल तर राहत्या घराची किंमत त्यात धरत नाहीत, म्हणून कौन्सिल पैसे देतं. मागे एका पक्षाची पोरं पत्रकं घेऊन आली होती. आजींनी त्यांना दारात वीस मिनिटं उभं केलं, कचऱ्यावरून आणि उखडलेल्या फुटपाथवरून फैलावर घेतलं. आत त्या वेळी ती केरळची मुलगी आजोबांना भरवत होती. तिच्याबद्दल आजी चकार शब्द बोलल्या नाहीत, आणि त्या पोरांनीही विचारलं नाही.

आबा, इथल्या कौन्सिलच्या तिजोरीतला सगळ्यात मोठा वाटा या कामावर जातो: म्हाताऱ्यांची, अपंगांची सेवा आणि ज्या मुलांना सांभाळायला घर नाही अशांची जबाबदारी. कचरा आणि खड्डे त्यामानाने किरकोळ. पण कचरा सगळ्यांच्या दारात असतो आणि सेवा चार भिंतींच्या आत. ज्याच्या घरात म्हातारं माणूस नाही त्याला ती दिसतच नाही, आणि ज्याच्या घरात आहे त्याला मीटिंगला जायला सवड नाही. मी नर्स म्हणून हॉस्पिटलच्या वॉर्डात रोज पाहते, घरी सेवेची सोय झाली नाही म्हणून बरी झालेली माणसं खाटेवर अडकून पडतात. हा प्रश्न एकाही पत्रकाच्या पहिल्या पानावर मी पाहिलेला नाही.

आमच्या किंग्ज हीथ भागाचे आणखी दोन विषय. एक कुंड्यांचा. गल्लीबोळांतून गाड्या पळू नयेत म्हणून 2020 पासून रस्त्यांच्या तोंडाशी मोठाल्या लाकडी कुंड्या आडव्या ठेवल्या. गल्लीतले खूश, पोरं सायकली खेळतात. मोठ्या रस्त्यावरचे संतापलेले, कारण सगळी गर्दी त्यांच्या खिडकीखाली. कुंड्यांवरून शेजाऱ्याशेजाऱ्यांत अबोला झालाय, सांगून खरं वाटणार नाही. दुसरा विषय रेल्वेचा. इथून जाणाऱ्या मार्गावरची प्रवासी वाहतूक 1941 साली बंद पडली, ती परत सुरू करायला तीन नवी स्टेशनं बांधतायत आणि तारीख पुढे पुढे चाललीय. धरणातून कोल्हापूरला येणाऱ्या थेट पाईपलाईनच्या पाण्याने दिवाळीचं अभ्यंगस्नान, हा वायदा आपण किती दिवाळ्या ऐकला? 2023 ला का होईना पाणी आलं. तेव्हा मी इथल्या लोकांना धीर देते.

आता भावनेचे विषय. गेल्या वर्षी 4 जुलैला पार्लमेंटची निवडणूक झाली, तेव्हा शहराच्या काही भागांत गाझा हाच विषय होता. पेरी बार मतदारसंघात मजूर पक्षाचे जुने खासदार एका अपक्षाकडून 507 मतांनी पडले. या उन्हाळ्यात नॉर्थफील्ड, वीओली कॅसलकडे दिव्याच्या खांबांवर इंग्लंड-ब्रिटनचे झेंडे लागले. काहींना त्यात देशप्रेम दिसलं, आमच्या ड्युटीवरच्या काही मुलींना घरी जाताना वाट बदलावीशी वाटली. शेजारच्या स्टॅफर्डशायरमध्ये मे महिन्यात रिफॉर्म पक्षाने कौंटीच, म्हणजे जिल्ह्याची कौन्सिलच जिंकली, बाहेरून येणाऱ्यांचा लोंढा थांबवू म्हणत. आमच्यासारख्यांना कायमचं राहायला परवानगी मिळायची मुदत पाचावरून दहा वर्षं करायचं सरकारच्या मनात आहे, त्यामुळे आम्हा नर्सेसच्या जेवणाच्या सुट्टीत कचरा नाही, हाच विषय असतो. यातलं काहीच महापालिकेच्या हातात नाही, तरी महापालिकेचं मत त्यावर पडणार. पण मी नावं ठेवत नाही. मठातून गुजरातला नेलेल्या माधुरी हत्तिणीसाठी ऑगस्टमध्ये नांदणीपासून कोल्हापूरपर्यंत माणसं पायी चालत आली, तेव्हा त्यांना कुणी खड्ड्यांचं विचारलं असतं तर काय ऐकावं लागलं असतं?

आईचा प्रश्न असणार, "तुला काय गं त्याचं, तू थोडीच मत देणार?" आई, देते. कॉमनवेल्थमधल्या देशाचा नागरिक इथे रीतसर राहत असेल तर त्याला मत आहे, कौन्सिलचंही आणि पार्लमेंटचंही. गेल्या वर्षी मी दिलं. ओळखपत्र म्हणून आपला निळा भारतीय पासपोर्ट दाखवला, बाईंनी यादीत नावावर रेघ मारली आणि कागदाची मतपत्रिका हातात दिली. मशीन नाही, बोटाला शाई नाही. आडोशाला पेन्सिल असते, फुली मारायची, घडी घालून पेटीत टाकायची. गुरुवार होता, सुट्टी नव्हती. केंद्र सकाळी सातपासून रात्री दहापर्यंत उघडं असतं म्हणून ड्युटी संपवून गेले. कौन्सिलच्या निवडणुकीला मात्र तिनातला एक मतदार आला तरी पुष्कळ.

मला इथे मत आहे आणि तुम्हाला तिथे पाच वर्षं नगरसेवकच नाही, हे मनातून जात नाही. नोव्हेंबर 2020 पासून आपल्या महापालिकेवर प्रशासक आहे. इथेही कंगाल झालेल्या कौन्सिलवर सरकारने आयुक्त बसवले, पण नगरसेवक घरी पाठवले नाहीत. शिव्या खायला कुणीतरी समोर राहिलं. आंदोलन करून टोल घालवणारं कोल्हापूर इतकी वर्षं गप्प कसं बसलं, याचं मला नवल वाटतं. आता कोर्टाच्या आदेशाने एकदाची निवडणूक लागतेय, तर चार-चार जणांचा प्रभाग. गटार तुंबली तर चौघांपैकी कुणाला धरायचं, हे आधीच विचारून ठेवा.

तालमीत उमेदवार येतीलच. मंडळाला साऊंड सिस्टीम देतो म्हणाले की पोरं टाळ्या वाजवतील. आबा, तुमचं वजन आहे, दोन गोष्टी सगळ्यांसमोर विचारा: जयंती नाल्याचं घाण पाणी पंचगंगेत जायचं कधी थांबणार, आणि पूररेषेच्या आत बांधकामाला परवानगी देणार नाही असं लिहून देता का. 2019 ला आपण जिन्यावर सामान चढवलं, 2021 ला परत तेच. शहराच्या हद्दवाढीचं ते स्वतःच बोलतील, ते विचारायला नको.

दादाला सांगा, मतदार यादीत तुम्हा दोघांचं आणि वहिनीचं नाव कुठल्या प्रभागात गेलंय ते आताच बघून घे, ऐनवेळी पळापळ नको. आणि जी पत्रकं दारात येतील ती टाकून देऊ नका, फोटो काढून मला पाठवा. आई, भाजणी पोचली की कळवते. गुडघ्याच्या गोळ्या उपाशीपोटी घेऊ नकोस.

तुमची,
वैशू