विश्रांती खेळाडूला द्या, संघाला नको

प्रति,
मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

इंडियन सुपर लीग या फुटबॉल स्पर्धेच्या साखळीतले शेवटचे चार-पाच सामने उरले, की क्रीडा पानांवर आणि मुंबई सिटीच्या अंधेरीतल्या मैदानाबाहेर दरवर्षी तोच वाद रंगतो : पुढच्या फेरीतली जागा पक्की झाल्यावर मुख्य खेळाडूंना बसवावे की खेळवत ठेवावे? दोन्ही बाजू हिरिरीने बोलतात, पण आतापर्यंतचे निकाल समोर ठेवून फारसे कोणी बोलत नाही.

साखळीत पहिला येणाऱ्या संघाला 'लीग शील्ड' २०१९-२० पासून दिली जाऊ लागली. २०२४-२५ पर्यंतच्या सहा हंगामांत हा संघ दोन सामन्यांच्या उपांत्य फेरीतल्या पहिल्या सामन्यात काय करतो ते पाहा. २०२० मध्ये गोवा चेन्नईत १-४ हरला. २०२१ मध्ये मुंबई सिटीने गोव्याशी २-२ अशी बरोबरी केली. २०२२ मध्ये जमशेदपूर केरळ ब्लास्टर्सकडून ०-१, २०२३ मध्ये मुंबई बेंगळुरूकडून ०-१, २०२४ मध्ये मोहन बागान ओडिशाकडून १-२ आणि २०२५ मध्ये पुन्हा मोहन बागान जमशेदपूरकडून १-२ असा हरला. सहा हंगामांत पाच पराभव, एक बरोबरी, विजय शून्य. यापैकी मुंबईने २०२१ मध्ये आणि मोहन बागानने २०२५ मध्ये पुढे अंतिम सामन्यातून मिळणारा चषकही जिंकला, पण पहिला सामना त्यांनाही जिंकता आला नव्हता. सहा वेळा नशीबच फिरले असे म्हणून हे सोडून देता येणार नाही.

मुंबईकरांना सर्वात जास्त बोचतो तो २०२२-२३ चा हंगाम. प्रशिक्षक डेस बकिंगहॅमच्या मुंबई सिटीने वीस सामन्यांत १४ विजय, ४ बरोबरी आणि ४६ गुण मिळवले. ११ फेब्रुवारी २०२३ रोजी गोव्यावर ५-३ असा विजय मिळवून शील्ड पक्की केली, तेव्हा दोन सामने बाकी होते. त्यातला पहिला बेंगळुरूने २-१ जिंकला आणि अठरा सामन्यांची अपराजित मालिका तुटली. दुसरा ईस्ट बंगालने अंधेरीत येऊन १-० जिंकला. मग थेट उपांत्य फेरीत प्रवेश असल्याने १९ फेब्रुवारी ते ७ मार्च असे सोळा दिवस सामनाच नाही. समोरचा बेंगळुरू मात्र सलग विजय मिळवत आला होता आणि ३ मार्चला ब्लास्टर्सविरुद्धचा तो वादग्रस्त बाद फेरीचा सामना खेळून चारच दिवसांनी मैदानात उतरला होता. त्यांचे पाय गरम होते, आपले थंड. ७८व्या मिनिटाला बदली म्हणून आलेल्या सुनील छेत्रीने कॉर्नरवर डोक्याने गोल केला. ११ फेब्रुवारीनंतर मुंबईने पुढचा सामना जिंकला तो थेट १२ मार्चला. तोही २-१ असा, आणि मग दोन सामने मिळून २-२ झाल्याने पेनल्टी शूटआउटमध्ये ८-९ अशी हार.

आता मोहन बागानचे २०२५ पाहा. २३ फेब्रुवारीला ओडिशाला १-० हरवून त्यांनी शील्ड पक्की केली, तेव्हा त्यांचेही दोनच सामने उरले होते. त्यांनी मुंबईत येऊन २-२ अशी बरोबरी केली आणि गोव्याला २-० हरवले. काहीही पणाला नसताना हरायचे नाही, ही सवय त्यांनी मोडू दिली नाही. पुढे ८ मार्च ते ३ एप्रिल असा सव्वीस दिवसांचा खंड पडला आणि जमशेदपूरमधला पहिला सामना त्यांनीही घालवलाच, पण परतीच्या सामन्यात २-० करून ते अंतिम फेरीत गेले आणि जिंकले.

सगळा दोष खंडाचाच, असे मात्र नाही. जमशेदपूरला २०२२ मध्ये साखळीचा शेवटचा सामना आणि उपांत्य सामना यांत फक्त चार दिवस मिळाले होते, तरी ते हरले. शील्डसाठी शेवटच्या दिवसापर्यंत झगडलेला संघ चार दिवसांत पुन्हा तेवढाच पेटून उठणे अवघड असते. म्हणजे खंड लांबला तर पाय गंजतात आणि आखूड पडला तर दमलेले राहतात. दोन्हींवर उपाय एकच : हंगामाची शेवटची सहा आठवड्यांची आखणी साखळीच्या शेवटच्या सामन्याकडे बघून करायची नाही, तर उपांत्य फेरीच्या पहिल्या सामन्यापासून उलटी मोजत यायचे.

सुरुवात मिनिटांच्या हिशेबाने करावी. २०२४-२५ सारख्या २४ सामन्यांच्या साखळीत खेळाडू जास्तीत जास्त २१६० मिनिटे खेळू शकतो. शेवटच्या सहा आठवड्यांत शिरताना ज्यांनी उपलब्ध मिनिटांपैकी ८५ टक्क्यांहून जास्त खेळ केला आहे, त्यांची यादी करावी. अशी नावे बहुधा पाच-सहाच निघतात : गोलरक्षक, एक-दोन सेंटर-बॅक (मधले बचावपटू), बचावात्मक मिडफिल्डर आणि एखादा विंगर (कडेने चढाई करणारा). यांना पूर्ण सामना बाकावर बसवण्यापेक्षा साठाव्या मिनिटाला बाहेर काढावे. साठ मिनिटे खेळलेल्याची लय टिकते आणि शेवटच्या अर्ध्या तासात, दमलेल्या पायांवर होणाऱ्या मांडीच्या मागच्या स्नायूच्या दुखापती टळतात. यादीतला गोलरक्षक मात्र याला अपवाद, त्याला विश्रांतीची गरजच नसते. त्याला बदलणे म्हणजे बचावफळीची भाषा बदलणे.

एका सामन्यात पहिल्या अकरांत दोन, फार तर तीन बदल करावेत, आणि ते जोडीतले नसावेत. दोन्ही सेंटर-बॅक एकदम बदलले, तर ऑफसाइडची रेषा कोणी पुढे न्यायची हे ठरत नाही. एक पाऊल पुढे टाकतो, दुसरा मागे राहतो आणि मधून चेंडू सुटतो. एकाच बाजूचा फुलबॅक (कडेचा बचावपटू) आणि विंगर दोघे नवे असतील, तर फुलबॅक वर गेल्यावर मागची जागा झाकायला कोणी येत नाही. बचावात्मक मिडफिल्डर बदलायचा असेल, तर त्या दिवशी बचावफळी तीच ठेवावी. सात-आठ बदल एकदम केले की त्याला विश्रांती म्हणत नाहीत, तो दुसराच संघ असतो. त्यात बाकावरच्या मुलांनाही न्याय मिळत नाही, कारण अनोळखी जोडीदारांबरोबर खेळून ते वाईट दिसतात आणि पुढे खरी गरज पडते तेव्हा प्रशिक्षकाचा त्यांच्यावर भरवसा राहत नाही.

इथे परदेशी खेळाडूंची मर्यादाही आडवी येते. मैदानात एका वेळी चारच परदेशी चालतात आणि बहुतेक संघांचा कणा त्यांच्यावरच उभा असतो. त्यातल्या दोघांना एकाच दिवशी बसवले की कणाच जातो. म्हणून त्यांची पाळी लावावी : या सामन्यात सेंटर-बॅक, पुढच्यात स्ट्रायकर.

बदली खेळाडूंच्या पाच संधी तीन टप्प्यांत वापरायच्या असतात, मध्यांतर त्यात मोजत नाहीत. हे ठाऊक सगळ्यांना असते, पण सत्तराव्या मिनिटापर्यंत तिन्ही टप्पे संपवून बसणारे प्रशिक्षकही काही कमी नाहीत. मग ८२व्या मिनिटाला कोणी लंगडू लागला, की बदल्या शिल्लक असूनही दहा जणांनिशी खेळायची पाळी. एक बदल मध्यांतराला फुकटात उरकावा, साठाव्या मिनिटाच्या आसपास दोन करावेत, पंचाहत्तरीला एक आणि शेवटचा टप्पा ८५ नंतरसाठी हातात ठेवावा.

तो शेवटचा टप्पा हातात असण्याचे मोल गोवेकरांना विचारा. २४ एप्रिल २०२४, फातोर्डा, उपांत्य फेरीचा पहिला सामना. गोवा नव्वदाव्या मिनिटापर्यंत २-० ने पुढे, आणि सामना संपला तेव्हा मुंबई ३-२ ने विजयी. छांगटे, विक्रम प्रताप, पुन्हा छांगटे. तिन्ही गोल नव्वदाव्या मिनिटापासून पुढच्या काही मिनिटांतले. मुंबईच्या चाहत्याने याचा आनंद लुटावा, पण अभ्यास गोव्याच्या बाजूने करावा. दोन गोलांची आघाडी असलेला संघ शेवटी सगळाच्या सगळा आपल्या पेनल्टी बॉक्ससमोर बसतो. पुढे एकही वेगवान माणूस राहिला नाही, तर लांब मारलेला प्रत्येक चेंडू दहा सेकंदांत परत येतो. पहिला गोल खाल्ल्यावर तर कर्णधाराने सगळ्यांना थांबवायला हवे. कारण दोन सामन्यांच्या लढतीत २-१ हीसुद्धा चांगली आघाडी असते. ती राखायची, तिसरा गोल शोधायला जायचे नाही. चेंडू कोपऱ्यातल्या झेंड्याकडे न्यावा, थ्रो-इन मिळवावा आणि शिल्लक बदल तेव्हा करावा. दम खायला आणि जागा नीट करायला तेवढी फुरसत पुरते.

कॉर्नरबद्दल फार कमी लिहिले जाते. कोणाला कोणी धरायचे ही यादी सामन्याआधी भिंतीवर लागते, पण प्रतिस्पर्ध्याचा बदली खेळाडू आला की ती जुनी होते. छेत्रीच्या त्या गोलात कोणाचे चुकले हा वाद बाजूला ठेवू, पण समोरच्या बाकावरच्या प्रत्येक खेळाडूपुढे आपल्या एकाचे नाव आधीच लिहिलेले असावे. आपला धरणारा बाहेर जात असेल, तर त्याच्या जागी आत येणाऱ्याला चौथ्या पंचाजवळ उभा असतानाच ते सांगावे. आत गेल्यावर सांगायला वेळ नसतो.

पेनल्टी शूटआउटची यादी पाच नावांची नको, अकराची हवी. २०२३ मध्ये निकाल नवव्या किकवर लागला : बेंगळुरूचा गोलरक्षक गुरप्रीतने मुंबईच्या मेहताब सिंगची किक अडवली आणि बेंगळुरूच्याच संदेश झिंगनने गोल केला. मेहताबने त्याच संध्याकाळी सामन्यात गोल केला होता, म्हणजे तो काही गडबडलेला नव्हता. पण नवव्या क्रमांकावर बचावपटूच येतो, आणि बचावपटूंचा पेनल्टीचा सराव बहुधा हसण्यावारी होतो. शेवटच्या तीन आठवड्यांत प्रत्येक सरावाअखेर, दमलेले असताना, अकराही जणांनी मध्यरेषेवरून चालत येऊन एकेक किक मारावी. एकच, जास्त नाही. दहा मारल्या तर पहिली चुकल्याचे काही वाटत नाही.

लांब खंडासाठी : पहिले दोन दिवस पूर्ण सुटी, पुढचे चार दिवस ताकद आणि धावणे, सातव्या किंवा आठव्या दिवशी पूर्ण ९० मिनिटांचा सराव सामना, पंचांसह आणि खऱ्या सामन्याच्याच वेळेला. बाराव्या दिवशी आणखी साठ मिनिटांचा. सकाळी आठला उन्हात घेतलेल्या सरावाचा संध्याकाळी साडेसातच्या सामन्याला फारसा उपयोग नाही. जेवण, झोप, मुंबईची दमट हवा, सगळेच वेगळे असते. शेवटचे चार दिवस नेहमीच्या सामन्याच्या आठवड्यासारखे ठेवावेत, आदल्या दिवशी फार तर ४५ मिनिटे.

एवढे सगळे पहिल्या क्रमांकाचे झाले. सहाव्या क्रमांकाचे गणित निराळे. मुंबईने ११ मार्च २०२५ रोजी बेंगळुरूत २-० असा विजय मिळवून सहावी, म्हणजे बाद फेरीतली शेवटची जागा पटकावली आणि २९ मार्चला त्याच मैदानावर, त्याच संघाकडून बाद फेरीत ०-५ असा मार खाल्ला. अठरा दिवसांत सात गोलांचा फरक! त्या पाच गोलांवर बरीच आदळआपट झाली, पण मूळ आधीच्या गुणतक्त्यात आहे. मुंबईने २४ सामन्यांत ९ जिंकले, ६ हरले आणि ९ बरोबरीत सोडवले, गुण ३६. तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या संघांचे गुण प्रत्येकी ३८. नऊ बरोबऱ्यांपैकी दोनच जिंकल्या असत्या, तर ४० गुण झाले असते, आणि तिसऱ्या-चौथ्या क्रमांकाला मिळणारा घरचा सामना अंधेरीत झाला असता. सत्तराव्या मिनिटाला १-१ असताना 'एक गुण तर एक गुण' म्हणून आघाडीचा खेळाडू काढून मधल्या फळीतला आत पाठवणे नोव्हेंबरमध्ये शहाणपणाचे वाटते. त्याची वसुली मार्चमध्ये होते. एक गुण पुरेसा असलेल्या सामन्याचेही तेच. १५ एप्रिल २०२४ रोजी कोलकात्याच्या सॉल्ट लेक मैदानावर मुंबईला शील्डसाठी फक्त बरोबरी हवी होती, आणि मोहन बागानने २-१ जिंकून ४८ गुणांसह शील्ड नेली. एकोणीस दिवसांनी त्याच मैदानावर अंतिम सामन्यात बरोबरीवर भागणार नव्हते. मध्यांतराआधी गोल खाऊनही मुंबईने तो ३-१ जिंकला.

संपादक महोदय, आपल्याकडे एक विनंती. शेवटच्या सहा आठवड्यांत सामन्याच्या बातमीखाली फक्त गोल करणाऱ्यांची नावे न देता चार ओळींची चौकट द्यावी : पहिल्या अकरांत मागच्या सामन्यापासून किती बदल, कोण कितव्या मिनिटाला बाहेर गेला, कोणाची किती पिवळी कार्डे झाली आणि पुढच्या सामन्यापर्यंत किती दिवस. कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर जाणारा पेठेतला प्रेक्षक हा हिशेब तोंडपाठ ठेवतो. मुंबई-पुण्याच्या वाचकाला तो छापून मिळाला, तर 'प्रशिक्षक बदला' यापेक्षा नेमके काहीतरी मागता येईल.

आपला,
एक फुटबॉलप्रेमी वाचक
अंधेरी (पश्चिम), मुंबई