वेल्ह्याच्या मामांना, पहार परत करण्याआधी

मामा, सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं तर दर रविवारी पुण्याहून येणारे जीपवाले हक्काने तुमच्या अंगणात गाड्या लावतील, आणि त्यातले निम्मे तुमच्या खाचरातून वळवतील. पण पत्र मात्र चारचौघांत लिहायचं होतं. त्या संध्याकाळी जे आम्हाला सोडून गेले, त्यांच्याही वाचनात यावं म्हणून.

वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते. तोरण्याच्या पलीकडे एका ओढ्याच्या कोरड्या पात्रात आमच्या ग्रुपचं रॉक क्रॉलिंग होतं. गाड्या म्हणजे थार, जिम्नी, एक गुरखा आणि आमची जुनी जिप्सी. मित्रमंडळी, पोरंबाळं, सासूबाई, सगळे बरोबर. टायरची हवा ३० वरून १८ पीएसआयवर आणायची, फोर-लो, म्हणजे चारही चाकांना जोर देणारा सगळ्यात हळू गिअर, टाकायचा आणि माणसाच्या चालीपेक्षा हळू गाडी दगडांवर चढवायची, असा हा खेळ. यात पुढे उभं राहून खुणा करणारा माणूस एकच असावा लागतो. आमच्याकडे पाच जण ओरडत होते. एक म्हणे डावीकडे घे, दुसरा म्हणे उजवीकडे, तिसरा व्हिडिओ काढतोय. जिप्सी घसरली, पुढची दोन्ही चाकं एका दिशेत धरणारा दांडा, टाय रॉड, कातळावर आपटून वाकला आणि पुढची दोन चाकं वाटणीवरून भांडलेल्या भावांसारखी दोन दिशांना तोंडं करून बसली. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा तो कातळ, त्याचा टवकाही उडाला नाही.

मग सुरू झाला खरा तमाशा. ग्रुपच्या टी-शर्टवर पाठीमागे लिहिलंय की कुणालाही मागे सोडत नाही. अडकलेली गाडी ओढायचं विंच, वॉकी-टॉकी, गाडी उंच उचलायचा हाय-लिफ्ट जॅक, सगळं होतं त्यांच्याकडे. तासभर गाडीभोवती फिरून मतं दिली, आणि ‘अंधाराच्या आत हायवेला लागलं पाहिजे’ म्हणत एकेक करून निघाले. एका मित्राने आमच्या मुलीला आपल्या गाडीतून पुढे नेलं, त्याला दोष देणार नाही. वरच्या टेकाडावर जाऊन आम्ही रेंज मिळवली आणि विम्याच्या हेल्पलाइनला फोन केला. तिकडच्या बाईंनी गोड आवाजात विचारलं, गाडी पक्क्या रस्त्यावर आहे का? नाही म्हटल्यावर विषय संपला.

तुम्ही बॅटरी घेऊन आलात तेव्हा मी मनाची तयारी केली होती. आता विचारणार, ‘इथं कशाला मरायला आलात?’ विचारलं असतंत तरी चाललं असतं. तुम्ही आधी चाकामागे दगड लावलात. मग बॅटरी गाडीखाली न मारता सासूबाईंच्या पायांशी धरलीत आणि म्हणालात, “आजी, गोळ्या-बिळ्या घ्यायच्या ऱ्हायल्यात का?”

मामा, त्यांना शुगर आहे. जेवणाआधीची गोळी पर्समध्ये होती आणि खायला काहीच उरलं नव्हतं. त्या कुणाला सांगत नव्हत्या, आणि गाडीच्या नादात माझा नवराही विसरला होता. ग्रुपच्या फॉर्ममध्ये आम्ही ब्लड ग्रुप भरला होता, टी-शर्टचा साइजही. दिवसभरात एवढं कुणी विचारलं नाही.

तुमचा मुलगा घरून नाचणीची भाकरी आणि पावट्याची आमटी घेऊन आला. आईंनी पहिला घास घेतला, तो बघूनच तुम्ही गाडीखाली शिरलात. मला ते वाट बघणं विसरता येत नाही. हातात पक्कड, खांद्यावर तारेचं भेंडोळं, आणि नजर म्हाताऱ्या बाईच्या ताटाकडे. सभ्यपणा म्हटलं की आपल्याला ‘प्लीज’ आणि ‘सॉरी’ आठवतं. तुम्ही दोन्ही शब्द एकदाही वापरले नाहीत. उलट माझ्या नवऱ्याला “बाजूला व्हा ओ, उजेड आडतोय” म्हणून दटावलंत. त्याला ते फार आवडलं, दिवसभरात पहिल्यांदाच कुणीतरी त्याला कामाचं बोललं होतं.

बाकी दुरुस्तीचं काय सांगू? रॉड काढून दगडावर ठोकून सरळ केलात, पुन्हा वाकू नये म्हणून आपली छोटी पहार त्याला तारेने आवळून बांधलीत. मग गाडीपुढे उलट्या पावलांनी चालत, बॅटरीने एकेक दगड दाखवत आम्हाला पात्राबाहेर काढलंत. तोंडाने एक शब्द नाही, नुसता हात. आमच्या पाच ओरडणाऱ्यांना तुमच्याकडे शिकवणीला पाठवायला हवं.

कामाचे पैसे घेतलेत तेही बरं केलंत. उगाच ‘राहू द्या’ची ओढाताण झाली नाही. भाकरीचे मात्र विचारल्यावर मामी अशा बघायला लागल्या की नवऱ्याने पाकीट गुपचूप खिशात घातलं.

जिप्सीला नवा टाय रॉड बसलाय. मेकॅनिकने तुमची तार कापताना दोनदा विचारलं, हे कुणी बांधलं म्हणून. पहार आमच्याकडेच राहिलीय आणि तुमचं काम अडलं असणार. येत्या रविवारी घेऊन येतो, नसरापूरवरून सरळ डांबरी रस्त्याने. आई येणार म्हणतायत. मामींना सांगा, भाकऱ्या पुरेशा टाका, या वेळी आम्ही सगळेच जेवणार आहोत.