फ्लॉरेन्सला जाशील तेव्हा

कोल्हापूर,
१२ नोव्हेंबर

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

फोनवर आपण रोज बोलतो, पण ‘जेवलीस का’ आणि ‘कुठं पोचलीस’ याच्या पुढं माझी गाडी जात नाही. तेवढ्यात आई फोन काढून घेते आणि राहिलेलं राहूनच जातं. म्हणून लिहायला बसलो.

काल किरणोत्सव होता. अंबाबाईच्या देवळात गेलो होतो. किरणं महाद्वारातून आत येऊन वर वर सरकायला लागली की सगळा मंडप कसा चिडीचूप होतो, हे तुला नव्यानं काय सांगू. मी हात जोडले आणि घड्याळात बघितलं. पावणेसहा. म्हणजे तुझ्याकडं इटलीत दुपारचा सव्वा. तिकडची घड्याळं ऑक्टोबरअखेर तासभर मागं गेली, तेव्हापासून साडेतीनाचे साडेचार तास झाले. हा हिशेब आता मला बोटांवर करावा लागत नाही. चहा पिताना, दुकानाचं कुलूप लावताना, तुझी वेळ आपोआप डोक्यात येते.

परवा मार्केट यार्डात गुळाच्या सौद्याला गेलो होतो. एक जुने स्नेही भेटले. म्हणाले, “पोरीला एकटीला एवढ्या लांब पाठवलंत? लग्नाचं वय तिचं.” मी म्हटलं, “मी कोण पाठवणार? तिनं स्वतःच्या पगारातून पैसे साठवले, व्हिसाची कागदपत्रं स्वतः केली, रजा मागून घेतली आणि गेली.” बोलताना आवाज जरा चढला असावा, कारण शेजारच्या अडतीवरची माणसं वळून बघायला लागली. बघू देत. ऐकलं सगळ्यांनी ते बरंच झालं.

आता मुद्द्याचं. आईचा गुडघा दुखतोय म्हणून व्हेनिस सोडून लवकर येते, असं तू म्हणालीस. अजिबात नको. औषध सुरू आहे, मी घरात आहे, भाकरी सोडून बाकी सगळं मला येतं. तुझी काळजी वाटते का, तर वाटते. रात्री जास्त वाटते. पण ती बापाची काळजी आहे आणि ती मीच करायची. तिच्यापायी तू एकही गाव गाळायचं नाहीस.

आणि फ्लॉरेन्सला पोचलीस की माझं एक काम कर. तिथं आर्नो नदीच्या काठानं काशिने नावाची लांबलचक बाग आहे. तिच्या पश्चिम टोकाला मुन्योने नावाची छोटी नदी आर्नोला मिळते. त्या संगमावर एक छत्री आहे आणि छत्रीखाली आपल्या राजाराम महाराजांचा अर्धपुतळा. शाहू महाराजांचे चिरंजीव राजाराम ते हे नव्हेत. हे त्यांच्या कितीतरी आधीचे, राजाराम कॉलेजला ज्यांचं नाव आहे ते. १८७० साली ते विलायतेला गेले. समुद्र ओलांडला की धर्म बुडाला असं मानणारा तो काळ, आणि वय अवघं वीसच्या आसपास. लंडन बघितलं, व्हिक्टोरिया राणीला भेटले, रोजनिशी लिहीत राहिले. परतीच्या वाटेवर प्रकृती ढासळली आणि ३० नोव्हेंबरला फ्लॉरेन्समध्येच त्यांचं निधन झालं. त्या शहरात दहनाची रीत नव्हती. खास परवानगी काढून, नद्यांच्या संगमावर त्यांना अग्नी दिला. पुढं काही वर्षांनी त्याच जागी स्मारक उभं राहिलं. राजघराण्याच्या समाध्या आपल्या पंचगंगेच्या घाटावर आहेत, यांची खूण मात्र तिकडं परक्या नदीकाठी राहिली.

आई म्हणाली, “परदेशात असलेल्या पोरीला असलं काय लिहिता?” पण मला त्यातलं मरण सांगायचंच नाही गं. आपल्या गावचा एक तरुण मुलगा तिथं परका होता. त्याची भाषा कुणाला येत नव्हती, देव वेगळा, रीत वेगळी. तरी त्या गावानं त्याचं त्याच्या रीतीनं होऊ दिलं आणि दीडशे वर्षं ती जागा राखली. शेजारच्या मोठ्या पुलालाही त्या स्मारकावरूनच नाव पडलंय. तू रोज अनोळखी माणसांच्या भरवशावर असतेस. कुणी वाट दाखवतं, कुणी रात्री उशिरा दार उघडतं. ती माणसं कशी असतील, हा विचार सुरू झाला की मी ती छत्री आठवतो आणि मग झोप लागते.

तर तिथं जाऊन ये. फूल मिळालं तर वाहा, नाही मिळालं तर नुसते हात जोड. कोल्हापूरहून आलेय म्हणून मराठीत सांग. बाग फार मोठी आहे, ते टोक लांब पडतं, तेव्हा सकाळीच जा. अंधार पडेपर्यंत एकटी थांबू नकोस.

बाकी नेहमीचंच. तिकडच्या प्रादेशिक गाडीचं कागदी तिकीट असलं तर स्टेशनवरच्या यंत्रात शिक्का मारल्याशिवाय चढू नकोस, दंड करतात म्हणे. पासपोर्टची झेरॉक्स वेगळ्या पिशवीत ठेव. अडचण आली तर ११२, तिकडंही तोच नंबर. कांदा-लसूण चटणी संपत आली असेल तर पुरवून खा, आल्यावर आई ताजी कुटणार आहे.

परतीचं तिकीट तुझ्या सोयीनं काढ. मुंबईत उतरून महालक्ष्मी एक्सप्रेसनं येणार असशील तर फक्त डबा नंबर कळव. सकाळी मी स्टेशनवर असेनच, रिक्षा करू नकोस.

तुझा
बाबा

ता. क. पैसे कमी पडले तर सांगायला लाजू नकोस. आईला कळणार नाही.